मार्कशीट कोण कशी वाचतं

बारावीचा निकाल लागला की नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहिला प्रश्न एकच असतो : किती टक्के पडले? शेवगाव असो, अकोले असो की जामखेड, त्या एका आकड्यावर पेढे ठरतात आणि पुढचं कॉलेजही ठरतं. हीच गुणपत्रिका एखाद्या ब्रिटिश किंवा जर्मन विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात पोचली की तिथला माणूस ती वेगळ्याच क्रमानं वाचतो. तो आधी मंडळाचं नाव पाहतो. मग विषय पाहतो आणि त्यातले काही बाजूला काढून ठेवतो. मग इंग्रजीसमोरचा आकडा पाहतो. एकूण टक्केवारीपर्यंत त्याची नजर जाते तेव्हा निम्मा निर्णय झालेला असतो.

नगर, आता कागदोपत्री अहिल्यानगर, हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की इथं बोलणं चटकन आयईएलटीएस या इंग्रजी चाचणीच्या बँडवर येतं : साडेसहा पडले का, सात पडले का. बँडची अडचण खरी आहे, पण माझ्या मते ती पहिली अडचण नाही. बाविसाव्या वर्षी जी अट समोर उभी राहते तिचा निर्णय पंधराव्या-सोळाव्या वर्षी, अकरावीचे विषय निवडताना, होऊन गेलेला असतो. त्या वेळी कुणीही त्या अटीचा विचार केलेला नसतो, कारण ती कुणी सांगितलेलीच नसते.

विषयांपासूनच सुरुवात करू. ग्रामीण भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायफोकल विषयांना मोठी मागणी आहे. क्रॉप सायन्स, डेअरी, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स. २०० गुणांचा विषय, प्रात्यक्षिकाला चांगले गुण, शिवाय दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. शेतकऱ्याच्या मुलाला क्रॉप सायन्स ओळखीचंही वाटतं आणि टक्केवारी वर जाते. राज्यातल्या प्रवेशापुरता हा हिशेब बरोबर आहे. परदेशात मात्र अनेक विद्यापीठं चार मुख्य शैक्षणिक विषयांचीच सरासरी काढतात आणि व्यावसायिक विषय त्यात धरायचा की नाही हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. ज्या विषयानं ८५ टक्के दिसत होते तो वगळला की ७४ उरतात, आणि अट ८० ची असली तर अर्ज तिथंच थांबतो.

कॉमर्सला हेच कोडं वेगळ्या रूपात येतं : गणित घ्यायचं की एसपी? सेक्रेटरिअल प्रॅक्टिस पाठ करून सुटते, गणितात नापासाची भीती, म्हणून वर्गातली बहुतेक मुलं एसपीकडे वळतात. वर्गशिक्षकही तोच सल्ला देतात, कारण कॉलेजचा निकाल वर राहायला हवा. पण अर्थशास्त्र, फायनान्स, डेटा सायन्स यांसाठी बाहेरची चांगली विद्यापीठं बारावीचं गणित मागतात, आणि ती अट पुढच्या कुठल्याही पदवीनं सहज भरून निघत नाही. विज्ञान शाखेत डॉक्टर व्हायचं म्हणून गणित सोडलेल्या मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतून जागा मिळाली नाही, तर इंजिनिअरिंगचं दार तिनं अकरावीतच लावून घेतलेलं असतं. मला या सगळ्या प्रश्नात हा भाग सर्वांत जास्त बोचतो. मुलं कमी पडलेली नसतात. त्यांना प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो : कशात जास्त मार्क पडतील?

मंडळाच्या नावाचंही असंच आहे. बऱ्याच ब्रिटिश विद्यापीठांच्या भारतासाठीच्या अटींत सीबीएसई आणि आयएससी एका रांगेत असतात आणि राज्य मंडळं दुसऱ्या. दुसऱ्या रांगेला पाच-दहा टक्के जास्त मागितले जातात. देशातली इतकी राज्य मंडळं, प्रत्येकाची गुण देण्याची रीत निराळी, म्हणून ही खबरदारी, असं त्यामागचं तर्कशास्त्र आहे. ते समजतं, पटत नाही. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकून बारावी सायन्सला ७८ टक्के मिळवणाऱ्या मुलानं शहरातल्या ७८ टक्क्यांपेक्षा कमी अंतर कापलेलं नसतं. पण अटींच्या तक्त्यात अंतर मोजायचा रकाना नाही.

जर्मनीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण शिक्षणशुल्क जवळपास नाही या एका कारणासाठी आपल्याकडची कुटुंबं तिकडे पाहू लागली आहेत. नुसत्या भारतीय बारावीवर जर्मन विद्यापीठात थेट पदवीला प्रवेश मिळत नाही. भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचं किमान एक वर्ष यशस्वी झालेलं असावं लागतं, किंवा तांत्रिक शाखांसाठी जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावं लागतं. नाहीतर श्टुडिएनकोलेग म्हणजे एक वर्षाचा पूर्वतयारीचा वर्ग. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्रही काढावं लागतं. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमध्ये असल्यामुळं तिथं इंग्रजीपेक्षा जर्मनचीच परीक्षा मोठी. संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या मुलानं एफवाय बीएस्सीचं वर्ष नीट पूर्ण केलं तर ते वाया जात नाही, उलट तीच त्याची पात्रता होते. घरी बसून आयईएलटीएसची तयारी करण्यापेक्षा ते वर्ष आणि सोबत जर्मन, हा रस्ता सरळ आहे.

अमेरिकेचा अडसर पदवीनंतर लागतो. तिथल्या पुष्कळ विद्यापीठांना पदव्युत्तर प्रवेशासाठी चार वर्षांची पदवी हवी असते. आपली बीए, बीकॉम, बीएस्सी तीन वर्षांची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव या साखर कारखान्यांच्या गावांत इंजिनिअरिंगचं शिक्षण आलं. तिथून निघालेली बीई झालेली मुलं अमेरिकेला गेली, कारण पदवी चार वर्षांची होती. शेजारच्याच कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन तितक्याच मेहनतीनं शिकलेल्या मुलीला एमएस्सी करूनच जावं लागलं. आता नव्या शैक्षणिक धोरणानं चौथं ऑनर्सचं वर्ष आलं आहे, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून त्या रचनेची सुरुवात झाली. पण ते वर्ष घ्यायचं कशासाठी हे तालुक्याच्या कॉलेजात कुणी उलगडून सांगत नाही, आणि तीन वर्षांवर बाहेर पडणं हीच सवय आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी भरभर. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांकडे बारावीची गुणपत्रिकाच नसते, त्यामुळं अर्जात दहावी, डिप्लोमा आणि पदवी यांची साखळी कागदांसकट मांडावी लागते. एटीकेटीला, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याला, आपण किरकोळ समजतो, बाहेर मात्र बॅकलॉग मोजतात, आणि विषय नंतर सुटला तरी ट्रान्सक्रिप्टवर ती नोंद दिसू शकते. परदेशी एमबीबीएसच्या बाबतीत तर अट तिकडची नाही, आपलीच आहे. नीट उत्तीर्ण असणं बंधनकारक आहेच, शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, त्यानंतर बारा महिन्यांची आंतरवासिता आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असलं पाहिजे. पहिली दोन वर्षं इंग्रजीत आणि पुढं स्थानिक भाषेत अशी सोय असलेल्या कॉलेजात जमीन गहाण ठेवून मुलाला पाठवण्याआधी हा नियम वाचायलाच हवा.

आता इंग्रजीकडे. इंग्रजी ही विद्यापीठाच्या दारातली अट आपल्याकडे नवी नाही, ती दाराइतकीच जुनी आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. पुढं १८६० च्या दशकात त्याच विद्यापीठानं देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढल्या, आणि मराठीला परत जागा मिळावी म्हणून रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडले. नगरात याच्याही आधी, १८३१ पासून, अमेरिकन मराठी मिशन होतं. त्या मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. आज ज्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी नगरची मुलं पुण्याला फोन करतात त्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचंच नाव आहे.

१९१३ हे साल मला या विषयात फार बोलकं वाटतं. त्या वर्षी केंब्रिजनं परभाषकांसाठी इंग्रजीची पहिली प्रमाणपत्र परीक्षा घेतली. ती बारा तासांची होती, तीन जण बसले आणि तिघेही नापास झाले. त्याच वर्षी शाळेत संस्कृत नाकारल्यामुळं फारसी घ्यावी लागलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मुंबई विद्यापीठाची बीए घेऊन, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पदवी हाच त्यांच्या इंग्रजीचा दाखला होता. वेगळी परीक्षा मागायची रीत रूढच नव्हती. तशी परीक्षा म्हणून टोफेल आली १९६४ मध्ये, आयईएलटीएस १९८९ मध्ये. जिल्ह्यातल्या सुप्यात जन्मलेले डॉ. रजनीकांत आरोळे वेल्लोरला डॉक्टर होऊन, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून, १९७० मध्ये जामखेडला परतले तोवर चाचणीचं युग नुकतं सुरू झालं होतं. पदवीवरचा विश्वास पुढं हळूहळू कमी होत गेला, आणि त्याला आपणही हातभार लावला. त्याबद्दल पुढं लिहितो.

शाळेतल्या इंग्रजीचं धोरण मात्र इतक्या वेळा हललं की शिक्षक दमले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी पाचवीवरून आठवीवर नेलं, पुढं ते परत पाचवीपासून आलं, आणि जून २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली पिढी २०१२ मध्ये बारावी झाली. मग सेमी इंग्रजी आलं, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. जिल्हा परिषदेच्या शाळांनीही ते घेतलं. यातून शब्द आले. फोटोसिंथेसिस, डिनॉमिनेटर हे शब्द आज पारनेरच्या मुलाला परके नाहीत. वाक्य मात्र आलं नाही. बारा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाला स्वतःबद्दल सलग दोन मिनिटं बोलायला सांगितलं की तो खाली पाहतो.

याचं कारण परीक्षेत आहे. बारावीचा इंग्रजीचा पेपर ८० गुणांचा, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. युवकभारती या पाठ्यपुस्तकातले उतारे, कविता, कादंबरीचा भाग, पत्र, अहवाल. उत्तरं अपेक्षित साच्यात लिहिता येतात आणि गाइडमधून पाठही होतात. तोंडीचे २० गुण कॉलेजच्याच हातात असल्यामुळं तिथं कुणी अडत नाही. आयईएलटीएसमध्ये तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, समोर अनोळखी परीक्षक, आणि तिचं वजन लेखन, वाचन, श्रवण यांच्याइतकंच. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं आणि त्याचा तोटाच होतो. लेखनात एका तासात दोन कामं, त्यातलं दुसरं किमान २५० शब्दांचं, मत मांडून ते पटवायचं. आपल्या मुलाला शाळेत मत कधी विचारलेलं नसतं. मराठीत ए, अॅन, द नाहीत, म्हणून ते इंग्रजी लिहितानाही गळतात. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपण ‘व’सारखेच उच्चारतो. या सवयी दोन-तीन महिन्यांच्या सरावानं सुधारतात. मत मांडायची सवय मात्र तेवढ्यात लागत नाही.

बँडचे आकडे समजून घेतले तर भीती थोडी ओसरते. पट्टी ० ते ९ ची. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला पदवी स्तरासाठी चारही कौशल्यांत साधारण ५.५ च्या तोडीचं इंग्रजी लागतं, पण विद्यापीठं स्वतः ६ ते ६.५ मागतात, कायदा, पत्रकारिता, वैद्यक यांना बऱ्याचदा ७ किंवा त्याहून जास्त. ऑक्सफर्डच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ७ किंवा ७.५. ऑस्ट्रेलियानं मार्च २०२४ मध्ये व्हिसाची पायरी ५.५ वरून ६ वर नेली. कॅनडानं नोव्हेंबर २०२४ मध्ये झटपट व्हिसाची एसडीएस योजनाच बंद केली. म्हणजे गेल्या वर्षी गेलेल्या मित्राचा अनुभव यंदा उपयोगी पडेलच असं नाही. आणि इथं आपल्या बाजूची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते : बारावीच्या इंग्रजीत ७०-७५ च्या वर गुण असतील तर बरीच ब्रिटिश विद्यापीठं वेगळी चाचणी मागत नाहीत, आणि काही ठिकाणी त्या यादीत महाराष्ट्र मंडळाचं नावही असतं. म्हणजे ज्या पेपरला आपण पास झालं की बस म्हणून सोडून देतो तो अठरा हजार रुपये वाचवू शकतो.

हो, आयईएलटीएसचं शुल्क अठरा हजारांच्या घरात आहे. २०२५-२६ च्या एफआरपीनं, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरानं, टनाला ३,५५० रुपये धरले, तर पाच टन उसाचे पैसे, तेही तोडणी-वाहतूक वजा न करता. निकाल दोन वर्षंच चालतो. पहिल्यांदा बँड चुकला तर आणखी पाच टन. सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्या मोठ्या आहेत : अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची १२५ जागांची नॅशनल ओव्हरसीज, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची. पण त्यांचा अर्ज करायचा तर हातात विद्यापीठाचं प्रवेशपत्र लागतं, बऱ्याचदा अनकंडिशनल, म्हणजे इंग्रजीची अटही आधीच पूर्ण झालेलं. चाचणी, अर्ज, ट्रान्सक्रिप्ट, कुरिअर हा सगळा खर्च शिष्यवृत्तीच्या आधीचा आणि खिशातला. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच हा उंबरठा सगळ्यात उंच पडतो. जिल्हा पातळीवर निवडक मुलांच्या पहिल्या चाचणीचं शुल्क भरलं गेलं, तर एवढ्याशा पैशात फार मोठं काम होईल.

मघाशी पदवीवरच्या विश्वासाबद्दल म्हणालो, ते आता सांगतो. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असं कॉलेजनं लिहून दिलं तर काही विद्यापीठं चाचणीतून सूट देतात. यालाच मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचा दाखला म्हणतात. तो दाखला आपण किती प्रामाणिकपणे देतो? पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, शिकवणं मराठीत, आणि हे नगरपासून नाशिकपर्यंत सगळीकडे. मराठीत समजावून सांगण्यात काही चूक नाही, मुलाला विषय कळतो तो त्यामुळंच. पण मग इंग्रजी माध्यमाचा दाखला सरसकट वाटला, की वाचणाऱ्याचा त्यावरचा विश्वास उडतो आणि खरंच इंग्रजीतून शिकलेल्या मुलालाही चाचणीला बसावं लागतं. मराठी माध्यमातून बीए केलेल्यानं तर हा दाखला मागूच नये. त्यानं चाचणी द्यावी, आणि अर्जात आपण मराठीत शिकलो हे ताठ मानेनं लिहावं. ३ ऑक्टोबर २०२४ पासून मराठी ही अभिजात भाषा आहे. तिच्यातून समाजशास्त्र शिकलेला विद्यार्थी कमी शिकलेला नसतो.

आपल्या राज्यातल्या प्रवेशातही ही दुविधा आहे. एमएचटी-सीईटीचे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे पेपर मराठीत देता येतात, गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते, पण प्रवेश मिळाल्यावर वर्ग बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच भरतो. परदेशी विद्यापीठ निदान आत येण्याआधी विचारतं, इंग्रजी येतं का. आपण मुलाला आधी आत घेतो आणि पहिल्या सत्रात ते त्याला स्वतःच कळू देतो. एटीकेटीच्या कितीतरी नोंदी विषय न कळल्याच्या नसतात, भाषा न कळल्याच्या असतात.

माहिती कुठं मिळते? नगरच्या सावेडीतल्या क्लासमध्ये, पुण्यातल्या सल्लागारांकडे, आधी गेलेल्या मित्राच्या व्हॉट्सअॅपवर. सल्लागार फी घेत नाहीत म्हणून पालकांना बरं वाटतं, पण त्यातल्या अनेकांना पैसे विद्यापीठाकडून, प्रवेशामागं कमिशन म्हणून मिळतात. म्हणून ते ज्या विद्यापीठांशी करार आहे त्यांचीच नावं पुढं करतात. खरं तर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारतासाठीचं स्वतंत्र पान असतं. मंडळ, विषय, टक्के, इंग्रजी, सगळं तिथं लिहिलेलं असतं, फुकट. ते पान अर्ध्या तासात वाचून होतं, आणि शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकानं ते वर्गात वाचून दाखवलं तर एका तासिकेत भाषेचाही धडा होतो.

उलटा हिशेब मांडून पाहू. सप्टेंबरमध्ये ब्रिटनला पोचायचं तर जून-जुलैत व्हिसा, त्याआधी शिष्यवृत्तीचा अर्ज, त्याआधी हिवाळ्यात विद्यापीठाचं प्रवेशपत्र, त्याआधी दिवाळीच्या आसपास चाचणीचा निकाल, त्याआधी उन्हाळ्यात ट्रान्सक्रिप्टची मागणी. पदव्युत्तर प्रवेशासाठी हे कॅलेंडर एस.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या, शेवटी सुरू होतं. थेट पदवीला जायचं तर ते अकरावीतच सुरू होतं. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, त्यामुळं अकोले तालुक्यातला मुलगाही आता मोबाइलवर दहा कॉलेजांची पसंती भरतो. शाखा, माध्यम, मग विषय. त्या पडद्यावर क्रॉप सायन्स की जीवशास्त्र, गणित की एसपी, या दोन पर्यायांत बोट ठेवताना त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला हे सगळं माहीत असायला हवं. बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे मोठी बहीण असते, किंवा झेरॉक्सच्या दुकानातला फॉर्म भरून देणारा.